नळी काढली म्हणजे आपण त्यांना मारलं का?

ताई, आधी उत्तर देते, कारणं त्यानंतर. नाही, तुम्ही त्यांना मारलं नाही. सही करणाऱ्या तुमच्या यजमानांनी नाही, घरी येऊन श्वासाची नळी काढणाऱ्या डॉक्टरांनीही नाही. तुमच्या सासऱ्यांना त्यांच्या फुफ्फुसाच्या आजाराने नेलं. पण माझ्या नुसत्या 'नाही'ने तुमच्या मोठ्या दिरांचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. 'यंत्र चालू ठेवलं असतं तर बाबा आज असते' हे त्यांचं म्हणणं वरवर झटकून टाकण्यासारखं नाही.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सासरे ७९ वर्षांचे, फुफ्फुसाचा फायब्रोसिस, वर्षभर घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. छातीत जंतुसंसर्ग झाला, एका रात्री धाप आवरेना, दवाखान्यात नेलं. तिथे 'व्हेंटिलेटर लावायचा का, लगेच सांगा' असं विचारलं, तुम्ही हो म्हणालात. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, 'आता काही उपयोग नाही, पण इथे आम्ही काढू शकत नाही, तुमच्या जबाबदारीवर घरी न्या.' सही करून, रुग्णवाहिकेत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास देत त्यांना घरी आणलं, ओळखीच्या डॉक्टरांनी नळी काढली, पाऊण तासाने ते गेले. तो पाऊण तास घरात कुणालाच विसरता येत नाही. त्यात आता सासूबाई म्हणतायत, 'मला असल्या नळ्या लावू नका, लिहून देते', आणि ती आत्महत्या ठरेल का अशी तुम्हाला धास्ती.

मी मूळची भूलतज्ज्ञ, गेली पंचवीसेक वर्षं आयसीयूत काम करते. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की त्याची मुळं कुठे आहेत हे मला बऱ्यापैकी दिसतं. सगळ्यांत मोठं मूळ हे की व्हेंटिलेटर काय करतो हेच कुणी घरच्यांना सांगत नाही.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. दुष्काळात गावाला टँकर लावतात, तो पुढचा पाऊस येईपर्यंत तग धरायला. टँकरने विहिरीला झरे फुटत नाहीत. व्हेंटिलेटर फुफ्फुसात हवा ढकलतो, ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून देतो, दमलेल्या स्नायूंना विसावा देतो. तेवढ्या वेळात औषधाने किंवा शरीराच्या स्वतःच्या ताकदीने मूळ बिघाड सुधारायचा असतो. म्हणून नळी घालण्याआधी विचारायचा प्रश्न 'लावायचा का' हा नसतो. 'हा वेळ आपण कशासाठी घेतोय' हा असतो.

या यंत्राचा जन्मच तसा झालाय. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं, त्यांत बरीच मुलं, ब्लेगडम रुग्णालयात रोज येत होती. त्या वेळची 'लोखंडी फुफ्फुसं', म्हणजे रुग्णाला आत ठेवून श्वास देणारी यंत्रं, अगदी मोजकी, आणि त्यांचाही फारसा उपयोग होत नव्हता. पहिल्या तीनेक आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेतली युक्ती वापरली. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेलं मृत्युप्रमाण काही महिन्यांत पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. आजचं आयसीयू तिथून उभं राहिलं. माझ्या विषयाचा हा इतिहास मला फार जवळचा आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरलो. त्या मुलांना श्वास द्यायचा तो साथीतला कठीण काळ पार होईपर्यंत, पुष्कळांचे स्नायू पुन्हा काम करू लागेपर्यंत. वेळेला हेतू होता.

तेच यंत्र पुढे सगळ्यांना लागू लागलं, हेतू असो वा नसो, आणि पाच वर्षांत डॉक्टरांनाच प्रश्न पडला. ऑस्ट्रियातल्या एका भूलतज्ज्ञाने थेट पोपना विचारलं: आशा उरली नसताना यंत्र चालू ठेवायला आम्ही बांधील आहोत का, आणि थांबवलं तर ते पाप ठरतं का? २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बारावे पायस यांनी उत्तर दिलं की असाधारण उपाय करत राहायचं बंधन ना डॉक्टरवर आहे ना कुटुंबावर. असा उपाय थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. जिवाच्या पावित्र्याबाबत ज्या परंपरेइतकं कडक कुणी नाही, तिचं हे उत्तर. दिरांना हे मुद्दाम सांगा, कारण 'हल्लीचे डॉक्टर आणि कोर्टं काहीही म्हणतात' असं त्यांना वाटत असणार.

आता तुमच्या सासऱ्यांचं. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसाच्या मऊ जाळीच्या जागी वण धरतात. वण फुगत नाहीत आणि आजार पुढे गेला की ते मागेही हटत नाहीत. अशा रुग्णाला नळी घातली तर ती पुन्हा निघण्याची शक्यता फार थोडी असते, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मग तुमचा 'हो' चुकला का? नाही. त्यांना जंतुसंसर्ग झाला होता, आणि तो औषधाने आटोक्यात येऊ शकणारा होता. काही दिवस वेळ घेऊन पाहण्यात अर्थ होता. चुकलं ते हे की कुणी मुदत ठरवली नाही.

मी माझ्याकडे नातेवाइकांना नळीच्या आधी सांगते: आपण चार-पाच दिवस प्रयत्न करू. या दिवसांत मी तीन गोष्टी पाहीन. ऑक्सिजनचं प्रमाण खाली आणता येतंय का, रक्तदाब टिकवायला लागणारं औषध कमी होतंय का, लघवी नीट होतेय का. सुधारलं तर पुढे जाऊ. नाही सुधारलं तर पाचव्या दिवशी इथेच बसून थांबण्याबद्दल बोलू. हे बोलायला दहा मिनिटं लागतात. रात्री दोन वाजता, धाप लागलेल्या माणसाच्या शेजारीही हे बोलता येतं. असं बोलणं झालं असतं तर तिसऱ्या आठवड्यात 'काढायचं' हा शब्दच एखाद्या गुन्ह्यासारखा तुमच्यापुढे आला नसता. तो आधीच ठरलेल्या गोष्टीचा शेवट असता.

इथे बहुतेक लोक अडतात: 'लावलाच नसता तर ठीक, पण एकदा लावल्यावर काढणं म्हणजे मारणंच.' मनाला तसं वाटतं, मलाही नळी काढणं ती न घालण्यापेक्षा जड जातं. पण तर्काला धरून हे टिकत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, हे मानलं तर माणसं मरतील. काढता येणारच नाही अशी भीती असेल तर डॉक्टर आणि घरचे लावायलाच कचरतील. ज्याची शंभरात वीस-पंचवीस आशा आहे त्याला ती संधीच मिळणार नाही. थांबण्याची मोकळीक असेल तरच मनमोकळं सुरू करता येतं. मी हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून शिकले नाही. दम्याचा, सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा) रुग्ण घेऊन आलेली माणसं 'एकदा लावला की निघत नाही म्हणे' या धास्तीने हात जोडून नकार देतात, त्यातले काही सहज वाचणारे असतात. त्यांना समजावताना हे कळलं.

तरीही दिरांचा आक्षेप आणखी धारदार करून पाहू. समजा, इस्टेटीसाठी टपलेला एखादा वारस रात्री चोरून आयसीयूत शिरला आणि त्याने नळी काढली. त्याला आपण खुनीच म्हणू. 'आजाराने नेलं' म्हणून तो सुटणार नाही. हाताची हालचाल तीच, परिणामही तोच. मग फरक कुठे राहिला? माझ्या मते फरक हालचालीत नाहीच. यंत्र चालू ठेवण्याचं कर्तव्य अजून शिल्लक होतं का, इथे फरक आहे. त्या वारसाला त्या उपचारावर काही अधिकार नव्हता, रुग्णाने त्याला काही सांगितलं नव्हतं, उपचाराचा हेतू संपलाय की नाही हे त्याने पाहिलंच नाही. त्याला मृत्यूच हवा होता. तुमच्याकडे उपचार करणाऱ्यांनीच सांगितलं होतं की हेतू संपला. तुम्हाला मृत्यू नको होता, ते हाल थांबायला हवे होते. हेतू संपलेला आणि रुग्णाला नको असलेला उपचार चालू ठेवायचं कर्तव्य कुणावरच उरत नाही. कर्तव्य उरलं नाही, की थांबणं म्हणजे मारणं होत नाही. मात्र यातली एकही अट सुटली, म्हणजे सुधारणारा रुग्ण आहे, किंवा त्याने 'मला जगायचंय' म्हटलंय, तर तीच कृती गुन्हा होते. त्यामुळे दिरांनी हा प्रश्न विचारला याबद्दल त्यांच्यावर रागावू नका. प्रत्येक वेळी कुणीतरी तो विचारायलाच हवा.

आणि यंत्र निघालं म्हणजे माणूस जातोच असंही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये कॅरन अॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी १९७५ मध्ये बेशुद्धीत गेली. तिचे आईवडील श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी व्हेंटिलेटर काढू द्या म्हणून कोर्टात दाद मागितली आणि १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. यंत्र काढलं, आणि कॅरन स्वतः श्वास घेत राहिली. शुद्धीवर आली नाही, पण पुढे नऊ वर्षं जगली, १९८५ मध्ये न्यूमोनियाने गेली. नळीतून अन्न देणं आईवडिलांनी थांबवलं नाही. त्यांना ते कधी मागायचंच नव्हतं. यंत्र काढताना आपण शरीराला 'मर' म्हणत नाही, 'आता तुझं तू' म्हणतो, हे या एका खटल्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही युक्तिवादातून दिसत नाही.

आपल्याकडे आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर हटकून अरुणा शानबाग यांचं नाव निघतं, म्हणून त्याबद्दल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणांवर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा झाली. पुढची ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या एकेका पिढीने त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. अरुणांना अन्न देणं थांबवावं ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जीव टिकवणारा उपचार थांबवायला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट दिली. लोक विसरतात ते हे की अरुणा इतकी वर्षं व्हेंटिलेटरवर नव्हत्या. प्रश्न अन्नाचा आणि सेवेचा होता, आणि त्यांच्यासाठी बोलायचा हक्क कुणाला, याचा होता. न्यायालयाने तो हक्क चार दशकं हातांनी सेवा करणाऱ्यांना दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण तुमच्या सासऱ्यांच्या परिस्थितीला ते उदाहरण लागू होत नाही, तेवढं घरात स्पष्ट करा.

दिरांनी आणखी एक विचारलंय, 'मेंदू तर जिवंत होता ना?' हो, होता. मेंदूस्तंभ मृत्यूची, म्हणजे मेंदू मृत ठरवण्याची, व्याख्या आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे आणि तिचा संबंध अवयवदानाशी आहे. मेंदू मृत असेल तरच उपचार थांबवता येतात हा गैरसमज आहे, आणि तो काही डॉक्टरांतही आहे. ज्या आजारातून परत येण्याची आशा नाही, त्यात मेंदू जिवंत असतानाही यंत्र थांबवण्याची वाट कायद्याने दिलेली आहे.

आता मला ज्याचा खरोखर राग येतो त्याबद्दल. तो पाऊण तास.

'इथे काढू शकत नाही, घरी न्या' ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. कागदावर लिहितात 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज'. सल्ला डॉक्टरांनीच दिलेला, आणि सही मात्र त्याविरुद्ध गेल्याची तुमची. हा नुसता कागदी खोटेपणा नाही. या एका ओळीने निर्णयाचं सगळं ओझं मुलाच्या डोक्यावर येतं आणि तो जन्मभर ते वाहतो. शिवाय रुग्ण घरी जातो तो औषधाविना. झोपेची, वेदनेची औषधं पंपातून चाललेली असतात, ती दवाखान्यात बंद होतात. घरी पोहोचेपर्यंत त्यांचा अंमल उतरतो आणि नेमकी तेव्हा नळी निघते. तुम्ही जे पाहिलंत, छाती ओढणं, घरघर, डोळे विस्फारणं, ते टाळता येण्यासारखं होतं. मृत्यू टळला नसता, ते टळलं असतं.

नीट करायचं तर ते असं होतं. नळी काढायच्या आधी श्वासाची तगमग शमवणारं मॉर्फिन आणि झोपेचं औषध शिरेतून देतात, परिणाम पाहत मात्रा वाढवतात. स्राव कमी करायचं औषध देतात, म्हणजे घशातली घरघर फार होत नाही. मॉनिटरचे आवाज बंद करतात, पडदे ओढतात, घरच्यांना आत बोलावतात. यंत्राचा आधार टप्प्याटप्प्याने उतरवतात, चेहऱ्यावर त्रास दिसला तर थांबून आधी औषध देतात, आणि मग नळी काढतात. नळी असेपर्यंत तोंडात थेंबभर पाणी घालता येत नाही, ती ओठांच्या कोपऱ्याशी बावीस-तेवीस सेंटिमीटरच्या खुणेवर पट्टीने घट्ट बांधलेली असते. ती निघाली की परिचारिका आधी गालांवरचे पट्टीचे वळ ओल्या कापसाने पुसते, ओठ ओले करते, आणि मग घरचे तुळशीपत्र ठेवतात, गंगाजल घालतात, कुणी नाव घेऊन हाक मारतात. 'शेवटी तोंडात पाणी घालायचं राहून गेलं' ही खंत माणसं वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. आमच्या यादीत ती कुठेच नसते, असायला हवी.

मॉर्फिनबद्दल एक शंका हमखास येते: 'त्यानेच जीव गेला नाही ना?' तगमग शमेल इतकंच, मोजून दिलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. आणि समजा त्याने श्वास थोडा मंदावलाच, तरी हेतू त्रास कमी करण्याचा असतो आणि मात्रा त्रासाला बेतलेली असते. जीव घ्यायच्या हेतूने मोठा डोस देणं ही वेगळी गोष्ट. ते सक्रिय इच्छामरण, आपल्या कायद्यात गुन्हा, आणि मी ते करणार नाही. ही रेघ बारीक आहे असं लोक म्हणतात. खाटेशी उभं राहून डोस भरताना ती मला पुष्कळ ठळक दिसते.

हे सगळं दवाखान्यातच करायची सोय कायद्यात आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती जवळजवळ कुणी वापरलीच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असं दुसरं. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, कुटुंबाची लेखी संमती घ्यायची, आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. फक्त कळवायचं, परवानगी मागायची नाही. रुग्णाने आधी काही लिहून ठेवलं नसलं तरी ही वाट खुली आहे. मग दवाखाने ती का धरत नाहीत? पोलिस केसची भीती, कागदांचा कंटाळा, दुसऱ्या मंडळासाठी कुणाला फोन करायचा याचा पत्ता नसणं. यातलं एकही कारण मला पुरेसं वाटत नाही. घरी पाठवणं दवाखान्याला सोपं पडतं, रुग्णाला नाही.

पैशाचा विषय तुम्ही ओझरता काढून लगेच मागे घेतलात, 'पैशासाठी नव्हतं हो' असं लिहून. खर्चाचा विचार मनात आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. निरुपयोगी उपचारात शेत विकणं हे प्रेमाचं प्रमाण नाही. खरा अन्याय वेगळा आहे, आणि तो रोज घडतो: बरा होऊ शकणाऱ्या तरुणाला पैसे संपले म्हणून घरी न्यावं लागतं. त्या दोन गोष्टी एकाच कागदावर, एकाच सहीने होतात, म्हणून दुरून सारख्या दिसतात.

आता 'लगेच सांगा, लावायचा का' या प्रश्नाकडे. रुग्णाच्या इच्छेचा मान राखावा हे तत्त्व चांगलं आहे. पण डॉक्टरने सगळं ज्ञान स्वतःकडे ठेवून नुसता निर्णय नातेवाइकांकडे सरकवणं म्हणजे तो मान नव्हे. तुम्हाला विचारायला हवं होतं, 'बाबा कसे होते? परावलंबी होण्याबद्दल कधी काही बोलले होते का? ते इथे उभे असते तर काय म्हणाले असते?' कारण निर्णय तुम्हाला काय हवंय याचा नसतोच. मुलाला वडील हवेच असतात, तो 'काढा' कसं म्हणेल? वडिलांनी काय म्हटलं असतं हे मात्र तो सांगू शकतो, आणि ते सांगताना आपण मारतोय असं त्याला वाटत नाही. ते सांगितल्यावर वैद्यकीय शिफारस करणं हे डॉक्टरचं काम. मी तरी 'माझा सल्ला थांबावं असा आहे' हे शब्द स्वतः उच्चारते आणि कागदावर माझ्या नावाने लिहिते.

आम्ही आकडेही सांगतो. १९८० च्या दशकापासून आयसीयूत अपाचे नावाची, आजाराच्या तीव्रतेला गुण देणारी पद्धत वापरतात, आता संगणक त्याहून बारीक अंदाज बांधतो. उपयोगी आहेत, पण ते आकडे तशा शंभर रुग्णांच्या गटाबद्दल बोलतात. खाटेवरचा माणूस त्या शंभरातला कोणता, हे ते सांगत नाहीत. पुढे कधी यंत्रच 'थांबा' म्हणू लागलं तर त्याच्यावर निर्णय ढकलू देऊ नका. आकडा ऐका आणि मग समोरच्या डॉक्टरला विचारा, 'तुमचं मत काय?'

शेवटी सासूबाई. नको असलेला उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नव्हे, कायद्यानेही नाही आणि आपल्या परंपरेनेही नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषध, अन्न, पाणी नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तुमच्या सांगली-कोल्हापूर भागातल्या जैन घरांत सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडत देह ठेवणं, कुणाला नवी नाही. सासूबाई तर अन्नपाणीही नाकारत नाहीत. त्या फक्त म्हणतायत की परत येण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नका. विनोबा शुद्धीवर होते, स्वतः नको म्हणू शकले. नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून आधी लिहून ठेवायचं.

त्यांनी स्वतःच्या शब्दांत, मराठीतच, लिहू दे. कशाला नकार आणि कशाला होकार, दोन्ही. 'व्हेंटिलेटर नको' एवढंच लिहिलं तर उद्या साध्या न्यूमोनियात चार दिवसांच्या आधाराने बऱ्या होतील तेव्हाही अडचण होईल. 'बरं होण्याची वाजवी आशा असेल तोवर सगळं करा. डॉक्टरांच्या मते ती संपली, किंवा मी कुणाला ओळखू शकेन अशी शक्यता राहिली नाही, तर यंत्र, डायलिसिस, छाती दाबणं थांबवा. दुखणं आणि धाप यांवरचं औषध मात्र कधीच बंद करू नका' असं लिहिलेलं मला आयसीयूत सर्वांत उपयोगी पडतं. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. माझं ऐकाल तर त्यात मोठ्या दिरांचं नाव पहिलं घाला, आणि सासूबाईंनी ते त्यांना समोर बसवून, मोठ्याने वाचून दाखवू दे. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०२३ पासून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर राज्यात असे अधिकारी नेमले गेलेत. गोव्यात तर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. कार्यालयातल्या कुणाला माहीत नसलं तर निकालाची तारीख दाखवा आणि पोच घ्या. मन बदललं तर सासूबाईंना ते कधीही लेखी रद्द करता येतं, बदलता येतं.

मूळ प्रत कपाटात कुलूप लावून ठेवू नका. दवाखान्याच्या फाइलमध्ये, आधार कार्डाच्या प्रतीबरोबर ठेवा, आणि दोन्ही मुलांच्या फोनमध्ये तिचा फोटो असू दे. रात्री दोन वाजता तोच लागतो.